पाठीला काही नाही

मंगळवार, ३ मार्च

१. पत्रा दाबायचं प्रेस मशीन बंद करून, कोणी चालू करू नये म्हणून त्याला माझं कुलूप लावून, मी मागच्या बाजूला मोजमाप घेतलं.
२. काम संपलं. कुलूप काढलं, मशीन मोकळं केलं, ऑफिसात गेले.
३. मागून कोणी आत वाकलं की सेन्सरने मशीन थांबवायला हवं. एक वायर टाकून सेन्सर आंधळा करून ठेवला होता. वायर पॅनेलच्या आत. अपघातानंतर मी पॅनेल उघडलं तेव्हा दिसली.
४. भोंगा मागे गेला. आवाज न देता. ऑपरेटरने पुढून बटण दाबलं.
५. भोंगा मागे का गेला, माहीत नाही.
६. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

भोंगा म्हणजे आमचा फिटर. कुठलंही मशीन सुरू होण्याआधी ‘बाजूला व्हाऽऽ!’ असा कोकलतो की कॅन्टीनमधला चहा हिंदकळावा. म्हणून भोंगा. आज त्याचा आवाज कोणीच ऐकला नाही.

हात धुतले. परत धुतले.

बुधवार, ४ मार्च

अपघाताचा अहवाल मला लिहायचाय, म्हणून मॅनेजर साहेबांनी बोलावलं. फार गोड बोलले. तिथेच ओळखलं.

“रोज बोंबलतो, कालच कशी दातखीळ बसली? आणि मागे जायचं त्याचं काम काय? लिहा – स्वतःचा निष्काळजीपणा.”

वायरचं काय, म्हटलं.

“कुठली वायर?”

काल संध्याकाळीच कोणीतरी काढलीय. सेन्सर उठसूट मशीन थांबवतो, माल अडतो, म्हणून यांनीच टाकायला लावली होती – सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. ‘निष्काळजीपणा’ लिहिला की भोंग्याची नोकरी गेली. नाही लिहिला तर – “तुमची कायम व्हायची फाइल माझ्याच टेबलावर आहे, बरं का.”

शुक्रवार, ६ मार्च

आई रोज सकाळी दारात मला अडवून बायबलमधली देवाची शस्त्रसामग्री अंगावर चढवायची प्रार्थना करते. डोक्याला हात – शिरस्त्राण. छातीला – चिलखत. कमरेला पट्टा, पायांत जोडे, हातात ढाल. लहानपणापासून हेच. तिला तोंडपाठ, मलाही. मी घड्याळ बघत उभी असते.

आज म्हटलं, “आई, एवढ्या सामानात पाठीला काही नाही.”

“पाठ दाखवायचीच नाही, म्हणून!”

“मशीन मागूनच धरतं, आई.”

“तुझ्या त्या जिभेलाच आधी चिलखत घालायला हवं. जा, उशीर होतोय.” पण दार लावायचं विसरली.

कारखान्यात मी आले की बोलणं थांबतं. ऑपरेटरने तर पाठच फिरवली. “ताई, मी पुढे होतो. मला मागचं काही दिसत नाही.” खरंच आहे ते. हाच तर सगळा घोटाळा.

टॉर्च सापडत नाही. नवी मागितली तर स्टोअरवाला म्हणतो, “टॉर्च खाता काय हो, मॅडम?”

रात्री गुडघे टेकले. शब्द आले नाहीत. पायाला मुंग्या आल्या, उठले.

रविवार, ८ मार्च

उपासनेत पाळकांनी विचारलं, कोणासाठी काही विनंती? आई ताडकन उठली. “माझ्या मुलीच्या पाठीसाठी प्रार्थना करा.” बसली!

सगळ्या मंडळीने डोळे मिटून माझ्या मणक्यांसाठी प्रार्थना केली. बाहेर आल्यावर तिघींनी मलमं सुचवली. एकीने खाली वाकून दाखवायला लावलं. “वाकतेय की चांगली! प्रभूची कृपा.”

हसू आलं. आठवड्यात पहिल्यांदा. घरी आल्यावर नुसती पडून राहिले.

सोमवार, ९ मार्च

अहवालाचे बाकी सगळे मुद्दे लिहून तयार. पाचवा रिकामा. साहेब त्याच भोकातून ‘निष्काळजीपणा’ आत घालणार. उद्या भोंग्याला भेटते. जायला हवं होतं आधीच. धीर होत नव्हता.

मंगळवार, १० मार्च

भोंग्याला आवाज नाही! नुसता वारा येतो तोंडातून. बायको कान लावून ऐकते आणि मला सांगते.

“सर्दी. अपघाताच्या आदल्या दिवसापासून घसा पार बसलाय यांचा. मशीनच्या मागे उजेड दिसला म्हणे. यांना वाटलं, ताई अजून आतच आहेत. ओरडायला गेले, आवाज फुटेना. म्हणून वाकून बघायला गेले.”

मला शोधायला.

“सांगितलं का नाहीत कोणाला?”

तो बायकोला काहीतरी पुटपुटला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “टॉर्च तुमची. तुमचं नाव आलं असतं. तुम्ही अजून कायम नाही ना झालात.”

मग तिने पिशवीतून टॉर्च काढली. डाव्या हातात गच्च धरून होता, दवाखान्यात बोटं उकलून काढावी लागली म्हणे. बटण दाबून पाहिलं. सेल संपलेत.

बुधवार, ११ मार्च

सकाळी आईची प्रार्थना संपली. मी वळले आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. तिने पाठीवर तळहात ठेवला. बराच वेळ.

अहवाल दिला. एक प्रत साहेबांना, एक सरकारी कारखाना निरीक्षकांना. पाचवा मुद्दा आणि शेवट इथे उतरवून ठेवते –

५. माझी टॉर्च मशीनमागे चालू राहिली. ही माझी चूक. मी आत आहे असं समजून फिटर मला वाचवायला मागे गेले. सेन्सर जोडलेला असता तर मशीन थांबलं असतं.

फिटरना कामावर ठेवणार की नाही, याचं लेखी उत्तर सोमवार, १६ मार्चपर्यंत द्यावं.