ऊन पाण्यात धुतलेली काच

उनपदेव, चैत्र वद्य तृतीया, शके १८५०

हातांना अजून इथल्या झऱ्याच्या कुंडाचं ऊन पाणी लागल्यासारखं वाटतंय.

काल डोंगरावरच्या जुन्या मोहाच्या झाडाचा फोटो घेतला. जंगलाच्या ठेकेदाराच्या माणसांनी तोडायची म्हणून खोडावर आधीच खूण केली होती. आज सकाळी आम्ही उतरत असताना ते पडल्याचा आवाज ऐकला. वाटाड्या दगडूनानांची म्हातारी आई त्याच झाडाला पूजत आली. आता तिला डोंगर चढवत नाही. तिला दाखवायचं म्हणून नानांनी फोटोच्या काचांची पेटी तीन दिवस डोक्यावर वाहिली.

चोपड्याच्या अंधाऱ्या खोलीपर्यंत दम धरायला हवा होता. नाही धरवला. घोंगड्यांच्या अंधारात, तांबड्या कंदिलाशी काच औषधात बुडवली आणि झाड उमटलं, फांदी न् फांदी. मग धुवायला कुंडावर गेलो.

नाना म्हणाले, "भाऊ, पानी ऊन शे. नालानं थंडं लई येऊ का?"

मी म्हटलं, नाल्याचं थंड कशाला, राहू द्या, हे देवाचं पाणी आहे. या पाण्याने खरूज जाते असं आई सांगायची. काचही निर्मळ होईल वाटलं. ऊन पाण्याने काचेवरचा थर सुटतो, हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. हाताला सोसतंय म्हणून काचेलाही सोसेल असं का वाटलं?

चित्र दुधावरच्या सायीसारखं सुटलं आणि कुंडात विरलं.

नानांनी कोरी काच उजेडाला धरली. "बठ्ठं झाड वाही गयं, भाऊ." खरंच, सगळं झाड. मग ती उपरण्यात गुंडाळून पेटीत ठेवली, पहिल्याइतकीच जपून.

उद्या त्यांच्या दारावरूनच जायचं आहे.