दोष केबलचा होता

धाकट्या,

मी दुपारपाळीला निघाले. डिशचा बॉक्स धडधाकट आहे. बाबांनी रिमोटवर भलतंच बटण दाबून त्याची वाट लावली, म्हणून नवं सॉफ्टवेअर चढवायला तो कॉम्प्युटरला सापडत नाही, असं तू चार दिवस घर डोक्यावर घेऊन सांगत होतास. दोष बॉक्स कॉम्प्युटरला जोडायच्या केबलचा होता, आणि ती तू आणलीस.

ती सरळ जोडणीची निघाली. बॉक्स आणि कॉम्प्युटर दोघंही एकाच तारेवर बोलत होते आणि दुसऱ्या तारेला नुसते कान लावून बसले होते. कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याने एका टोकाला दोन आणि तीन नंबरच्या तारांची अदलाबदल करून दिली. मग आधी कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम चालू केला, नंतर बॉक्सचं मागचं बटण. दहा मिनिटांत नवं सॉफ्टवेअर चढलं.

बाबांना मी यातलं अवाक्षर बोललेले नाही. ते तू सांगायचं. जन्मभर छापखान्यातली मशीनं चालवलेला माणूस परवापासून पंखा लावतानाही मला विचारतो, "लावू ना गं?"

चॅनल शोधायचे मुद्दाम बाकी ठेवलेत. संध्याकाळी तू नुसता शेजारी बस, बटणं त्यांना दाबू दे. चुकलं तर पुन्हा शोधता येतं.

रिमोट घरभर शोधू नकोस. तो त्यांनी स्वतःच तुझ्या कपाटात नेऊन ठेवलाय, अगदी मागे, स्वेटरखाली. म्हणाले, "माझा हात पोचायला नको."

ताई