शेवटचा फर्मा आधी

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, धंदा पुस्तकबांधणी. डोकं ठिकाणावर आहे, हात थोडे थरथरतात. कोणीही कान भरलेले नसताना, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. यापूर्वी केलेलं नाही. सवडच झाली नाही.

१. दुकान, मागची राहती खोली, कापणीचं यंत्र आणि बँकेतली शिल्लक, माझ्याकडे सव्वीस वर्षं शिलाई करणाऱ्या बाईंना मिळावी. यंत्राचा डावा खटका अडतो. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही, तेल द्यावं.

२. दाभणंही त्यांनाच. खळ मात्र रोज ताजी शिजवावी. शिळ्या खळीवरून आमचं कधी पटलं नाही, आणि मेल्यावरही पटणार नाही.

३. माझा धाकटा भाऊ, तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, याला एक पुस्तक. एका आधुनिक तत्त्वज्ञाच्या लहानमोठ्या लेखांचा हा संग्रह, प्रस्तावना भावाचीच. बांधणी माझ्याकडे आली, तेव्हा सोळा-सोळा पानांचे फर्मे लावताना एका प्रतीत शेवटचा फर्मा माझ्याकडून पहिला लागला. ती प्रत मी ठेवून घेतली आणि तशीच वाचली.

पहिल्या लेखात हा गृहस्थ चाळीस पानं खर्चून सिद्ध करतो की दुसऱ्याच्या मनातलं कोणालाच कळू शकत नाही. तिथून सुरुवात केली असती तर मी पुस्तक मिटून ठेवलं असतं. माझ्या प्रतीत आधी आलं ते त्याचं म्हातारपणचं दीड पानाचं टिपण: सिद्ध केलं खरं, पण एवढ्या वर्षांत एकदाही कोणाला विचारलं नाही. मग ती चाळीस पानं एका हट्टी माणसाची वाटली, आणि समजली.

भाऊ दुकानात आला तेव्हा मी त्याला हे सांगायला गेले. तो म्हणाला, "ताई, तू पुस्तकं शीव. वाचायचं आमच्यावर सोड."

मी म्हणाले, "पुन्हा या दुकानाची पायरी चढू नकोस."

त्याने ऐकलं. अकरा वर्षं झाली. त्या दिवशी त्याच्या हातात पिशवी होती, एवढं आठवतं.

४. वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावरच उघडायचं असतं. असेल. कलम तीन थांबणार नाही. त्याची नक्कल पुस्तकासोबत आजच भावाकडे पोचवावी, आणि खाली लिहावं: पिशवीत काय आणलं होतंस, ते विचारायचं राहिलं. चूक माझी. तुझी आठवण येते. दुकान सहापर्यंत उघडं असतं.

सही : ताई

साक्षीदार : आमचे डॉक्टर (डोकं यांनीच तपासलं), समोरचे चष्मेवाले (पुस्तक घेऊन हेच निघाले आहेत)

स्थळ : दुकानातलं कापणीचं टेबल

दिनांक : ३ मार्च, दुपारचे साडेतीन