एकांताची आवड

बाबांच्या थोरल्या चिरंजीवांना,

मी वृद्धाश्रमातली समाजसेविका. बाबांना दाखल करताना तुम्ही माझ्याच टेबलावर माहितीचा फॉर्म भरलात. आवडीनिवडीच्या रकान्यात लिहिलंत, "एकटं राहायला आवडतं. घरीही दार लावून बसतात." म्हणून मी त्यांना टोकाची एकट्याची खोली दिली. दोन वर्षं ते भिंतीकडे बघत बसले आणि मी दर महिन्याला फाईलमध्ये लिहीत गेले, "समाधानी आहेत."

गेल्या महिन्यात ती खोली रंगवायला काढली, म्हणून त्यांना चार खाटांच्या खोलीत हलवलं. दारातच थांबून त्यांनी आतल्या तिघांना विचारलं, "मला खोकला आहे. चालेल ना?"

"खोका की बिनधास्त," एक आजोबा म्हणाले. "आम्ही तिघं घोरतो. फिट्टंफाट!"

बाबा हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग मला हळूच म्हणाले, "घरी नातीची झोप मोडायची, म्हणून दार लावायचो."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मुलानं लिहून दिलं होतं. आणि तुम्ही कुठे विचारलंत?"

त्या खोलीत त्यांना अकरा दिवस मिळाले. अंत्यविधीनंतर तुम्ही माझे आभार मानलेत, "शेवटपर्यंत त्यांचा एकांत जपलात." मी नुसती मान डोलावली.

तुम्हाला चार खडे बोल सुनवायचे म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. पण फॉर्म काढून पाहिला, तर खाली रहिवाशाच्या सहीची जागा कोरी आहे. त्यांना वाचून दाखवून सही घेणं माझं काम होतं.

जिचे तुम्ही आभार मानलेत,
ती