छत्रीच्या कापडाची झोळी

अण्णा, ज्या वयात तुम्ही गेलात ते वय मी केव्हाच ओलांडलं. म्हणजे आता मी तुमच्यापेक्षा मोठी. तेव्हा आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार; मध्येच कन्नडमध्ये "सरी, सरी", बरं बरं, म्हणत मशीनचं पायडल मारायला लागायचं नाही. परवा राजाजीनगरात एका बारशाला गेले होते. सर्जापूर रोडवरच्या माझ्या घरून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला पोचायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो, पण आई म्हणाली जायलाच हवं, म्हणून गेले. तिथं आपल्या जुन्या गल्लीतले इस्त्रीवाले मामा भेटले. केसरीबाताची प्लेट हातात धरून चारचौघांत म्हणाले, "तुझ्या अण्णांचं काय सांगावं! एका माशापायी जीव दिला. अगं, सोडून द्यायचा ना तो मासा! का नाही सोडला?" हा प्रश्न मला लग्नात विचारतात, मयताला विचारतात, बसस्टॉपवर गाठून विचारतात. मी मान हलवते आणि समोरच्याच्या मुलांची चौकशी करते. त्या दिवशी कावेरीत तुमच्याजवळ मी एकटी होते, त्यामुळे उत्तर माझ्यापाशीच आहे, आणि ते मी कुणालाही दिलेलं नाही.

शिंप्यानं मासे धरावेत हेच मुळात आईला पटत नव्हतं. धरून परत सोडावेत, हे तर तिच्या डोक्यावरून जायचं. "खायचे नाहीत, विकायचे नाहीत, मग त्या नदीला छळायला जाता कशाला?" असं ती पोळ्या लाटता लाटता विचारायची आणि तुम्ही मिशीत हसायचात. तिला काय माहीत, की त्या हसण्याच्या तळाशी एक मेलेला मासा होता. मला तुम्ही एकदाच सांगितलंत. पँटी अल्टर करायला येणाऱ्या एका रिटायर मिलिटरीवाल्यांनी तुम्हाला जीपमधून नदीवर नेलं, गंमत म्हणून तुमच्या हातात गळ दिला, आणि तुमच्या गळाला महसीर लागला, मांडीएवढा जाड. सगळ्यांनी त्याला खडकावर ठेवून कौतुक केलं, फोटो काढले, पाठ थोपटली. मग पाण्यात सोडला तर तो पांढरं पोट वर करून तरंगत गेला. "माझ्याकडं बघत बघत गेला गं," असं तुम्ही म्हणाला होतात. मासे काय बघतात, कपाळ! पण तुमच्या डोक्यात तो किडा शिरला तो शिरलाच. मोठा मासा धरायचा आणि त्याला जिवंत परत पाठवायचं. पहिल्याची भरपाई करायची होती की काय, देव जाणे.

साहेब लोकांकडं परदेशी जाळी होती, मऊ, बिनगाठीची. आपल्याकडं चिंध्यांची टोपली होती. तुम्ही तिच्यातूनच सगळं उभं केलंत. आधी मच्छरदाणीची झोळी शिवली, ती वजनानं फाटली. मग चादरीची शिवली, तर तुम्हीच म्हणालात, "सुती कापड माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा पुसून काढतं, तो गेला की मासा सडतो." शेवटी मोडक्या छत्र्यांचं काळं कापड उसवून जोडलंत. दोन बाजूंना दोन बांबू, पाणी निथळायला मध्ये आयलेटची भोकं, आणि सगळी शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे आतल्याला टोचायला नको. तान्ह्या पोराच्या झबल्याला करतात तशी! गळाचा उलटा काटा पकडीनं चेपून सपाट केलात. आई म्हणाली, "अहो, मग लागलेला पण निसटेल की!" तुम्ही म्हणालात, "निसटला तर निसटला. मला त्याचा जबडा फाडायचा नाही." दोरा मात्र जाडातला जाड घेतलात, कारण बारीक दोऱ्यावर मासा तासभर झुंजतो, दमून अर्धा मरतो, आणि मग तुम्ही सोडलंत काय आणि न सोडलंत काय. स्वैपाकघरातल्या पिंपात आईचा सांडग्यांसाठी आणलेला कोहळा बुडवून आपण दोघांनी झोळी उचलायची तालीम केली होती, आठवतं? मी एका बांबूला, तुम्ही दुसऱ्याला. कोहळा निसटून जमिनीवर फुटला आणि आईनं आपल्या दोघांना बाहेर काढलं. तुम्ही फुटलेल्या कोहळ्याकडं बघून गंभीर झालात. "झोळी पाण्याबाहेर काढायचीच नाही," म्हणालात. "जे काय करायचं ते पाण्यातच करायचं. आणि ऐक पोरी, माशाला आपण सोडायचं नसतं. तो आपल्याला सोडतो. शेपटीपाशी धरून थांबायचं, तो स्वतः जोर मारून जाईपर्यंत." त्या दिवशी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणि मग तो रविवार. मे महिना, शाळांच्या युनिफॉर्मचा मोसम, दुकानात निळ्या पिनाफोरांचा ढीग, आणि तुम्ही म्हणता नदीवर जाऊन येतो. आईनं आकांडतांडव केलं. शेवटी मला म्हणाली, "तू जा बरोबर. तुझं ऐकतील. उजेड असताना घेऊन ये." माझी बी. कॉम.ची परीक्षा झाली होती, मला काय, मी निघाले. निघताना आईचं लक्ष मशीनकडं गेलं. पिनाफोरची कंबरपट्टी अर्धी शिवलेली आणि सुई कापडात रुतलेली. कापडात सुई ठेवून शिंप्यानं उंबरठा ओलांडू नये असं आपल्याकडं म्हणतात. तुम्हीच आम्हाला शिकवलेलं. ती म्हणाली, "सुई तरी वर काढून जा." तुम्ही चप्पल घातलेली. "येऊन तीच शिवायची आहे, वर काढून काय करू?" ती सुई पुढं कितीतरी दिवस तशीच होती. घरात कुणाचा हात तिच्याकडं वळेना. शेवटी शाळेवाल्यांनी माणूस पाठवला, तेव्हा आईनंच ती काढली आणि पिनाफोर पुरं केलं. एकही टाका वाकडा नव्हता.

कनकपुऱ्याला बस बदलून, पुढं दगडधोंड्यांतून चालत आपण पोचतोय. ऊन असं की खडकाला हात लावला तर चटका बसावा. नदी सुकून बारीक झालेली, खडकांमधून हिरवे डोह तेवढे उरलेले. नेहमीचा म्हातारा नावाडी त्याची टोपलीसारखी गोल नाव पालथी घालून उंच खडकावर बसलाय. आज ती पाण्यात टाकायला तयार नाही. त्यानं खाली उतरून ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं आणि कन्नडमध्ये म्हणाला, मातीचा वास येतोय. तुम्ही म्हणालात, "नदीला मातीचा नाही तर काय मोगऱ्याचा वास येणार?" तो हसला नाही. मला एवढंच खटकलं की तिथं एकही पक्षी नव्हता. मागच्या वेळी खंड्या होते, बगळे होते, कलकलाट होता. आज आपल्याच चपलांचा आवाज आपल्याला मोठा वाटत होता. मी म्हटलं, "अण्णा, लवकर आटपा, मला इथं बरं वाटत नाहीये." तुम्ही आमिषाच्या रागीच्या पिठाच्या उंड्यात गळ लपवत होतात. डोळा समोरच्या डोहावर.

मासा लागला तेव्हा दोरा असा वाजला की मी कानांवर हात ठेवले. तुम्ही नाचलात, घसरलात, कन्नडमध्ये, मराठीत, तोंडाला येईल त्या भाषेत त्याला लाडीगोडी लावलीत, शिव्या दिल्यात. जाड दोऱ्यानं काम केलं, तो फार दमायच्या आत काठाशी आला. आपण दोघं डोहात उतरलो, तुम्ही कमरेपर्यंत, मी खडकाला धरून मांडीपर्यंत. झोळी त्याच्या खाली सरकवली आणि तो आत आला. अण्णा, केवढा होता तो! सोन्याची नाणी शिवल्यासारखे खवले, आणि छत्रीच्या काळ्या कापडावर ते असे झळकले! तुम्ही हात ओले करून लांब पकडीनं गळ काढलात. तो लोण्यातून सुरी निघावी तसा सुटला. गळ्यातली टेप काढून माशाच्या छातीचं माप घेतलंत. "छत्तीस! माझ्यापेक्षा दोनच इंच कमी," म्हणालात आणि टेप तशीच पाण्यात तरंगत राहिली. मग झोळी खाली घेतलीत, माशाला उभं धरलंत, एक हात पोटाखाली, एक शेपटीपाशी. तो एका बाजूला कलत होता. "दमलाय. स्वल्प थांबू या."

तेवढ्यात वरून म्हातारा ओरडला. "नीरु बंतु! नीरु बंतु!"

पाणी आलं, पाणी आलं. आता तुम्हीच सांगा, राजाजीनगरात वाढलेल्या माणसाला याचा काय अर्थ लागणार? आपल्या गल्लीत एकाआड एक दिवस ही हाक यायची. कुणाच्या तरी नळाला धार लागली की अक्का लोक ओरडायच्या, नीरु बंतु, आणि गल्ली बादल्या घेऊन धावायची. आनंदाची हाक ती! तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "चल, पिंप भरून घे!" मी खो खो हसले. तुम्हीही हसलात. आपण दोघं त्या नदीत उभे राहून हसत होतो आणि म्हातारा वरून हात हलवत तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा ओरडत होता. त्याचा आवाज फाटला तेव्हा माझं हसू अडकलं. मी खाली बघितलं. मघा मांडीपर्यंत असलेलं पाणी कमरेला लागलं होतं, आणि हिरवं नव्हतं, चहासारखं झालं होतं. आभाळ कोरडं ठणठणीत. वर कुठं डोंगरात पाऊस झाला होता, ते आम्हाला मागाहून कळलं. डोहाच्या वरच्या अंगाला खडकांमधून फेस येत होता, त्यात काटक्या, पानं, आणि एक अख्खं झुडूप, मुळांसकट.

"अण्णा, चला!" तुम्ही म्हणालात, "तू चढ वर. मी आलोच." मी खडकावर चढले, नखं तुटली, म्हाताऱ्यानं मनगट धरून मला ओढलं. मागं वळून ओरडले, "सोडा त्याला! अण्णा, सोडा!" पाणी तुमच्या छातीला लागलेलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "स्वल्प थांब गं." इथपर्यंतचं सगळ्यांना ठाऊक आहे. म्हाताऱ्यानं पोलिसांना सांगितलं, पोलिसांनी आईला. पुढं तो माझे पाय काखेत धरून मला मागं खेचण्यात गुंतला होता, त्याची पाठ होती तुमच्याकडं. म्हणून लोक म्हणतात की शिंप्यानं मरेपर्यंत मासा सोडला नाही. आई तर अभिमानानं सांगते, "बोलले तसे वागले. तो सुटेपर्यंत हलले नाहीत." आता तिला नीटसं दिसत नाही, पण हे सांगताना ताठ बसते.

पण मी बघत होते. मासा गेला, अण्णा. चांगला गेला. शेपटीचा असा एक फटका मारला की तुमच्या तोंडावर पाणी उडालं, आणि गढुळात ती सोनेरी पाठ क्षणभर दिसून खाली बुडाली. तुमचे दोन्ही हात मोकळे झाले. खडक तुमच्यापासून दोन हातांवर होता आणि मी त्याच्यावर पालथी पडून हात लांबवला होता. तेवढ्यात यायला जमलं असतं. मी ते हजारदा मनात करून बघितलंय, आणि दर वेळी तुम्ही येता. पण त्या दिवशी तुम्ही आला नाहीत. तुम्ही तिथंच उभे राहिलात, हात तसेच ओंजळीसारखे धरून, आणि तो गेला त्या दिशेला बघत राहिलात. हसत होतात. दुकानातलं मिशीतलं हसू नव्हतं ते. तुमचं तोंड लहान मुलासारखं उघडं होतं, डोळे भरून आले होते. मी "अण्णा" म्हणून किंचाळले आणि तुम्हाला ते ऐकूच गेलं नाही. मग ते झुडूप आलं, आणि पाणी तुमच्या डोक्यावरून गेलं.

मामांना मी हे काय सांगणार? की माशानं तुम्हाला धरून ठेवलं नव्हतं, तो बिचारा वेळेवर गेला होता? आईला हे कळलं तर तिच्याकडं उरलेलं तेवढं एक वाक्यही जाईल, म्हणून हा कागद मी लिहून झाला की फाडणार आहे. मी शाळेत पहिली आले तेव्हा, माझ्या लग्नाची बोलणी तुम्ही हयात असताना सुरू झाली तेव्हा, आईच्या ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा उठून बसली तेव्हा, तुमचा चेहरा कसा होता ते मी आठवून आठवून थकले. चांगलाच होता. पण तसा नव्हता. आमच्यापैकी कुणाकडंही तुम्ही तसं बघितलेलं मला आठवत नाही. इतकी वर्षं मी याला राग म्हणत आले; रागावले आहे असं नवऱ्यालाही सांगितलं. आज तुमच्यापाशी खरं बोलते. मला त्या माशाचा हेवा वाटतो, अण्णा. अजून.