कैलासवासी यामिनी हिच्या आठवणीत

११ जून, बुधवार

आज रेडिओवर माझं नाव ऐकलं. नावाच्या आधी ‘कैलासवासी’.

भूपेश माल आणायला गेला होता, म्हणून दुपारी दुकानात मी. त्याचा रेडिओ चालूच असतो – भिवंडीचं केंद्र, दिवसभर जुनी गाणी. मी खिळे तोलत होते. निवेदिका तनया म्हणाली, “पुढचं गाणं तात्या वैद्य यांच्या फर्माइशीवरून. त्यांची कन्या कैलासवासी यामिनी हिच्या आठवणीत.”

गाणंही तेच – मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडताना तात्या गुणगुणायचे ते.

खिळे कधी सांडले कळलं नाही. गिऱ्हाईक उचलून देत होतं.

१२ जून

आज दुकानात गेले नाही.

१३ जून

भूपेशला सांगितलं. त्याने रेडिओ बंद केला. मग म्हणाला, “त्यांच्यासाठी तू मेलीच हायस. सोड आता.”

कशी सोडू? भूपेशशी लग्न केल्यापासून भिवंडीच्या घरी फोन केला की केदारच उचलतो. “तात्यांना तुझं नाव नकोय, ताई.” राग समजू शकते. पण जिवंत मुलीचं श्राद्ध? तेही रेडिओवर?

१४ जून

केंद्राला फोन केला. तनयाच होती. विचारलं, त्या वैद्य आजोबांची मुलगी कशी गेली?

“कोविडमध्ये. शेवटचं तोंडही पाहता आलं नाही म्हणतात. दर बुधवारी फोन येतो त्यांचा. आपण त्यांच्या ओळखीच्या का? नाव काय आपलं?”

नाव न सांगताच फोन ठेवला.

म्हणजे हा राग नाही. तात्यांना खरंच वाटतंय की मी गेले. कोविडमध्ये मी हॉस्पिटलात होते, तेव्हा भूपेशने घरी कळवलं होतं. केदारला.

१५ जून

केदारला सरळ विचारलं. आधी नाही नाही म्हणाला. मग –

“तात्या हॉस्पिटलात यायला निघाले होते. म्हणत होते, दोघांना घरी घेऊन येतो. माझं लग्न ठरत होतं, ताई. मुलीकडची माणसं काय म्हणाली असती?”

“म्हणून मला मारलंस?”

“तेव्हा तोंडातून निघून गेलं. मग परत कसं घेणार? आता त्यांचं हृदय नाजूक आहे. तू अशी समोर उभी राहिलीस तर ते जातील. ते तुझ्यावर येईल, सांगून ठेवतो.”

माझा लहान भाऊ. मी त्याचे केस विंचरून द्यायची.

१६ जून

जाऊ की नको? तो खोटारडा आहे, पण हृदयाचं खरं असलं तर? भूपेश म्हणतो, “मी येतो बरोबर. डॉक्टरांना आधी विचारू, न्हायतर नको जाऊस.” तात्यांच्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, हळूहळू सांगा. मेलेलं माणूस हळूहळू कसं परत येतं?

१८ जून

गेले. केदार कामावर होता. भूपेश जिन्यात थांबला. तात्या खुर्चीत बसलेले, किती वाळलेत. मी दारातच उभी राहिले.

त्यांनी मान वर केली. “आलीस? म्हणजे ऐकलंस.”

मी त्यांच्या पायाशी जाऊन बसले.

“ना दाखला, ना अस्थी. तेव्हापासूनच मला शंका,” ते म्हणाले. “तुझा पत्ता नव्हता माझ्याकडे, म्हणून दर बुधवारी तेच गाणं लावायला सांगायचो. केदार घरात ऐकत असतो, म्हणून कैलासवासी म्हणायला लागायचं.”