मावशींच्या नावाचा हात

४ जानेवारी

फुटली! एकशे बारा फरश्यांपैकी एकच फुटली, आणि तीही मावशींची. शाळेच्या देणगीदारांची भिंत — प्रत्येकाच्या पंजाचा ठसा ओल्या मातीत घ्यायचा, खाली नाव कोरायचं, भाजायचं. कल्पना माझीच. घाईही माझीच. भट्टीवाले काका सांगत होते, "अजून दोन दिवस सुकू दे, ताई." मी ऐकेन तर शपथ!

मावशी म्हणजे शाळेची घंटा देणाऱ्या, पाणी भरणाऱ्या. तीस वर्षं, म्हणून देणगीदारांबरोबर त्यांनाही भिंतीवर मान. ठसा द्यायच्या आधी तीनदा हात धुतले होते. "मोठ्या लोकांत माझा पंजा कशाला गं?" म्हणत होत्या आणि चेहरा नुसता फुलला होता.

५ जानेवारी

त्यांना परत बोलवायचं तर मुख्याध्यापिकाबाईंना सांगावं लागणार. पहिल्याच मोठ्या कामात नाक कापून घ्यायचं? नव्या मातीवर माझाच हात दाबला. कोण मोजायला बसलंय!

६ जानेवारी

खाली मावशींचं नाव कोरलं. अक्षर छान आलं. फार छान आलं.

१८ जानेवारी

उद्घाटन झालं. भिंत सुरेख दिसते — हे लिहायचीही लाज वाटते.

माती भाजली की आकसते, त्यामुळे सगळ्यांचे हात आपापल्या ठशापेक्षा मोठे. डॉक्टर, दुकानदार, माजी विद्यार्थी — जो तो पंजा लावून हसतोय, "अहो, मी वाढलो की काय या वयात!" मग मावशी पुढे आल्या. त्यांची बोटं ठशात बुडाली. टोकाशी अर्धं पेर रिकामं.

"सगळ्यांचे वाढले," त्या म्हणाल्या, "माझाच आटला."

लोक हसले. मीही हसले. हसले मी!

२२ जानेवारी

भिंतीवरचे दिवे बसवायला गेले होते. मावशी मधल्या सुट्टीत तिथेच उभ्या, हात ठशात. "महिन्याभरात एवढी झिजले गं. आतून काहीतरी लागलंय मला." शब्द अगदी ओठांवर आले होते. गिळले. वर म्हटलं काय, तर "जपा हं." मला थोबाडीत मारायला हवी कुणीतरी.

२३ जानेवारी

नवऱ्याला सांगितलं. एरवी प्रत्येक गोष्टीची थट्टा करणारा माणूस, पण आज नाही केली. म्हणाला, "फरशीचं खोटं एक वेळ खपलं असतं. तू त्यांना आजारी पाडलंस."

२७ जानेवारी

सांगायला गेले. खरंच गेले! घंटा दुसरंच कुणी देत होतं.

बाई म्हणाल्या, "मावशींनी नोकरी सोडली. म्हणाल्या, आता फार दिवस नाहीत, लेकीचं तोंड बघून घेते." मायलेकींत बारा वर्षं अबोला होता म्हणे. लेकीनं मनाविरुद्ध लग्न केलं, आणि मावशी अशा मानी की तिची पत्रं न उघडताच परत करायच्या. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. बाईंकडून लेकीचा नंबर घेतला. दिवसभर चार वेळा लावला, चारही वेळा वाजायच्या आत बंद केला.

२८ जानेवारी

आज बोलले. लेकीला पहिल्यापासून सगळं सांगितलं, माफी मागितली. पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग अगदी दबक्या सुरात — "ताई, आईला सांगू नका. आपण धडधाकट आहोत हे कळलं, तर ती परत निघून जाईल."